उंगनं काय विचारलं

नाही, कागद पुढं सरकवू नका, वाचला मी. चष्मा लावून दोनदा वाचला. — छान लिहिलंय की. — नाही हो, चूक एकही नाही, कालव्यांची दारं बांधण्यात जन्म घालवलेला माणूस तुम्ही, तुमच्या लिहिण्यात चूक कशी सापडेल — पण रविवारी तुमची बायको, आमची उंग, जाऊन शंभर दिवस होतात, भिक्षूंची जेवणं झाली की तुम्ही मंडपात उभं राहून हे इंग्रजीत वाचणार, आणि मी शेजारी उभी राहून वाक्यावाक्याला आमच्या भाषेत गावाला सांगणार — ते मला जमायचं नाही, वाउट. दुसरं कोणी बघा. — का? आलं बघा तुमचं 'का'. आधी बसा खाली. उभ्या माणसाशी बोलायची सवय नाही मला, तीस वर्षं वर्गात उभी मीच असायची.

पाणी घ्या. — अकरा वर्षं झाली ना तुम्हाला या गावात? लोकांनी तुमचं वाउटचं वाट केलं, आमच्या भाषेत वाट म्हणजे देऊळ, आणि तुम्ही झालात देऊळकाका. पोरं हसायची, तुम्हीही हसायचात. ती निळी वही घेऊन यायचात या ओट्यावर — 'बाई, हे असं का?' रस्ता माहीत नसला तरी माणूस हात करून रस्ता का दाखवतो? गुटगुटीत बाळाला कुरूप का म्हणायचं? आजारी बाईनं नाव बदललं तर आजार कसा फसेल? आणि मी सांगायची — माहीत नाही म्हणून माणसाला रिकाम्या हातानं कसं परत पाठवायचं? गोड म्हटलं की भुताची नजर पडते. उंगचं तेच, चार पोरं दगावली तिच्या आईची, म्हणून पाचवीला बेडकीचं नाव दिलं, उंग — पावसाळ्यात फुगते ना, ती. आणि जगलीच की ती! बावन्न वर्षं जगली. — मी सांगायची आणि तुम्ही लिहायचात. मला बरंही वाटायचं, खोटं कशाला बोलू, निवृत्त बाईला कोण विचारतं काही?

पण गुरुवारी तुम्ही मला तालुक्याच्या बाजाराला गाडीतून न्यायचात, आणि बाजार झाला की त्या कॉफीच्या दुकानात तुमचं टेबल — तुम्ही, तो जर्मन, तो लाल मानेचा ऑस्ट्रेलियन, आणखी दोघं-तिघं. आठवतं? 'थाई लॉजिक!' असं म्हणून एकेकानं आठवड्याचा माल काढायचा. आमच्या शाळेच्या शिपायाची गाडी पांढरी, त्याला पांढरा रंग लाभत नाही म्हणून त्यानं मागं चिकटवलंय 'ही गाडी लाल आहे' — त्यावर केवढा हशा! 'फसवतोय कुणाला हा?' मी म्हटलं, नशिबाला. तर तो जर्मन म्हणाला, 'नशिबाला वाचता येतं का?' — टेबल नुसतं थडाथडा. आणि तुम्ही माझ्याकडं वळून म्हणालात, 'बाई, राग नका मानू हां.' नाही मानला. मीही हसले. हसले की नाही? हसायचं नाही तर काय करायचं, गाडी तुमची, घर बावीस किलोमीटरवर.

— विषय बदलत नाहीये मी. तिथंच येतेय. दुसरं पान काढा. हां, हे — 'इथे आजारी माणसाला सत्य सांगत नाहीत. मी सांगितलं. उंग शांतपणे हसली आणि म्हणाली, कळलं मला. कायमचं कोण राहतं? मला घरी न्या. त्या दिवशी मला या माणसांचं शहाणपण पहिल्यांदा समजलं.' — सगळ्या कागदात चांगलं तेवढंच आहे. तुमच्या टेबलावरही तुम्ही हे सांगितलंत, मी होते तिथं, त्या ऑस्ट्रेलियननंसुद्धा टोपी काढली.

हे वाक्य उंगचं नाही, वाउट.

माझं आहे ते.

— बसा. बसा म्हणते ना. ऐकायचं असेल तर सगळं ऐका, अर्धं नाही.

डिसेंबरातली गोष्ट, दवाखान्यातली, तुम्हाला वेगळी सांगायला नको, पण तुम्ही खोलीच्या आत होतात आणि मी बाहेर. खाम्पूननं मला व्हरांड्यात गाठलं. थोरली बहीण ती, आईसारखं वाढवलेलं तिनं उंगला — माझं मनगट असं धरलं की दोन दिवस वळ होता. म्हणाली, 'बाई, तो गोरा तिला सांगायला लावेल. तुम्ही सांगू नका. डॉक्टर म्हणतात पावसाळा दिसत नाही, तर निदान हिवाळा-उन्हाळा तरी तिला सुखानं जगू द्या. ऐकलं त्या दिवसापासून मरायला लागेल ती.' मी हो म्हटलं. आत आले. उंग पलंगावर बसलेली, दोन्ही मनगटांवर बरं वाटावं म्हणून गावानं बांधलेले पांढरे दोरे, इतके, की सुई टोचायला नर्सला जागा सापडेना. आणि तुम्ही पायथ्याशी उभे, हातात निळी वही. तुमचं थाई बाजारापुरतं, तिचं इंग्रजी जेवणापुरतं, म्हणून मधे मी. तुम्ही काय बोललात ते पाठ आहे मला — 'सांगा तिला, यकृतात कॅन्सर आहे, ऑपरेशन होणार नाही, चार महिने, फार तर पाच. शरीर तिचं आहे, तिला कळलंच पाहिजे. आणि विचारा, तिला काय हवंय.' असंच ना? शब्दाचा फरक नाही ना?

मी उंगला सांगितलं — यकृताला सूज आहे, औषध कडक आहे, अशक्तपणा येईल, कच्च्या मासळीला आता हात लावायचा नाही. आणि हे विचारतायत, तुला काय हवंय.

— रागवा. रागवा ना. पण तेवढ्याचं मला काही वाटत नाही, ते पुन्हा करेन मी. खाम्पूनला शब्द दिला होता. आणि म्हणूनच हा कागद वाचता येत नाही मला, कळतंय का? खाम्पून पहिल्या रांगेत बसणार. बहीण शेवटपर्यंत काही न कळता गेली, एवढ्यावर ती बाई आज जेवते-झोपते. तिच्यासमोर मी हे खरंखरं सांगितलं तर तिला वाटणार, मी शब्द मोडला आणि उंग चार महिने रोज मरत होती. आणि मोडून-तोडून दुसरंच काही सांगितलं, तर तिसऱ्यांदा होईल ते. तिसऱ्यांदा मी नाही करणार.

— हो, तिसऱ्यांदा. दुसऱ्यांदाचं सांगितलं कुठं अजून?

उंगनं उत्तर दिलं होतं ना. तुम्ही तिचं तोंड बघत होतात — हसली ती, ते खरं, ते तुम्ही बरोबर लिहिलंय. पण लाजून हसली. नर्सकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, 'बाई, बरं झाल्यावर एकदा त्यांच्या गावाला जायचंय. ते कालवे, त्यांच्या आईची कबर — फुलं घालीन म्हणते. अकरा वर्षं झाली, एकदा नेलं नाही. विचारा ना त्यांना — माझी लाज वाटते का त्यांना?'



हे मी तुम्हाला सांगितलं नाही. तुम्ही पेन उघडून उभे होतात. 'काय म्हणाली? काय म्हणाली?' — आणि मी म्हटलं, 'ती म्हणते, कळलं मला. कायमचं कोण राहतं? मला घरी न्या.'

खाम्पूननं मला एवढं करायला सांगितलं नव्हतं. कोणीच नव्हतं सांगितलं. आजार लपवायचा होता, तिचा प्रश्न नव्हता लपवायचा. लोकांना मी सांगू शकते की नर्ससमोर नवऱ्याला असलं विचारणं बरं दिसलं नसतं, झाकलं मी. स्वतःलाही तेच सांगत होते — किती महिने, सात. पण तसं नव्हतं. आदल्या दिवशी गुरुवार होता, वाउट. तुमचा नशिबाला-वाचता-येतं-का गुरुवार. आणि तुम्ही वही घेऊन उभे — आणि माझ्या मनात आलं, घ्या. अकरा वर्षं आमच्यातलं वेडगळ तेवढं गोळा केलंत ना, आज शहाणं घ्या. पुस्तकात असते तशी शांत, बुद्धासारखी हसणारी बाई घ्या. मला माहीत होतं तुम्हाला ते आवडणार. मास्तरणीला कळतं, पोराला कुठलं उत्तर आवडेल. — आणि आवडलंच. डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. तुम्ही तिचा हात धरलात, आणि तिला वाटलं — तिला काय वाटलं असेल? तिनं विचारलं, माझी लाज वाटते का, आणि तुम्ही रडायला लागलात. तिला वाटलं, नेणार!

— मग पुढं काय व्हायचंय. कोट मागवला तिनं.

हो, तोच. शवपेटीत ठेवलेला. तुम्ही टेबलावर विचारलंत ना, एप्रिलचं ऊन, माणसं घामानं भिजलेली, आणि यांनी प्रेताबरोबर लोकरीचा कोट का जाळला? जर्मन म्हणाला, परलोकात थंडी असेल. तुम्ही लिहून घेतलंत. मी तिथंच बसले होते, बर्फ घातलेला चहा ढवळत. माझ्याच फोनवरून मागवला होता तो. वांगी रंगाचा. पहिल्यांदा मोठा आला, परत केला, दुसरा मार्चच्या शेवटी आला. तुमच्यापासून लपवून खाम्पूनच्या माडीवर ठेवायचा होता — नोव्हेंबरात घालून एकदम समोर यायचं होतं तिला. माडीवर पंखा गरगरतोय, घाम निथळतोय, आणि ती बटणं लावून आरशासमोर — हाडं झाली होती नुसती — वळून म्हणते, 'बाई, यात मी जाड दिसते ना?' एवढी खूष! कित्येक महिन्यांनी जाड दिसली होती.

आणि तुम्ही खाली अंगणात होतात. मोटारपंप उघडून बसला होतात. दहा पायऱ्या फक्त. तेव्हा तरी सांगायला हवं होतं मी. चालती होती अजून, विमानात बसली असती, डॉक्टर हो म्हणाले असते की नाही देव जाणे, पण विचारता तरी आलं असतं. मी उतरले. तुम्ही मान वर करून विचारलंत, 'कशी आहे?' मी म्हटलं, बरी आहे. तुम्ही म्हणालात, 'फार धीराची आहे हो.' मी म्हटलं, हो. — बारा दिवसांनी गेली ती.

— तिला कळलं होतं का, ते मला माहीत नाही. खाम्पून म्हणते, काहीच कळलं नाही. शेजारीण म्हणते, तिला सगळं ठाऊक होतं, मरणाऱ्याला कळतंच. मला नाही माहीत. मरणार हे माहीत असलेलं माणूस कोट परत करून मापाचा मागवतं का? तुम्हीच सांगा, लॉजिक तुमचं.

काय? — तिनं तुम्हाला कधी विचारलं नाही? अहो, असं तोंडावर विचारलं की समोरच्याला नाही म्हणायची पाळी येते. आपल्या माणसावर ती पाळी आणत नाहीत. दर वर्षी हिवाळ्यात ती तुम्हाला विचारायची ना, 'तिकडं आता थंडी किती?' मी ऐकलंय, याच ओट्यावर. आणि तुम्ही फोन काढून सांगायचात, उणे दोन. उणे चार. पुढल्या वर्षी परत — थंडी किती? शून्य. अकरा हिवाळे, वाउट. भात लावणारी बाई तुमच्या गावचे आकडे घेऊन काय करणार होती? वहीत तेही असेल, 'हिला हवामानात एवढा रस का?'

असो. मी बोलायचं ते बोलले. आता एकच विचारते, तिचा निरोप आहे म्हणून विचारते, आणि उत्तर माझ्यासाठी नको — का नेलं नाहीत? लाज वाटत होती?

— मग?

— मुली? तुमच्या मुलींचा काय संबंध, मोठ्या आहेत ना त्या, तिकडं संसार आहेत त्यांचे. — म्हणजे? त्यांना ठाऊक नाही? लग्न झालेलं ठाऊक नाही? — अकरा वर्षं? — पण ती धाकटी इथं येऊन गेली की, चार दिवस राहून गेली, उंगनं तिला हातानं भात भरवला! तेव्हा तिला काय सांगितलंत, ही कोण म्हणून?

—

घर सांभाळते. असं सांगितलंत तिला.

नाही. मी काही म्हणत नाही. मी कोण म्हणणारी? वही बाहेर काढू नका तेवढी. आणि रविवारी काय बोलू, असं मला विचारू नका — काही बोलू नका. भात वाढा, भिक्षूंच्या पाया पडा, खाम्पून देईल ते खा. मी येईन, बायकांत बसेन. कागद घ्या तुमचा. — नाही, इथं ठेवू नका, घेऊन जा. — नाही, मला आता काही ऐकायचं नाही, ना इंग्रजीत ना थाईत. उठा. — तिकडून नको! खाम्पून आलीय, माझ्या पुढच्या अंगणात शेंगा सोलत बसलीय, तुमचा चेहरा बघितला तर काय झालं म्हणून विचारेल. मागनं जा, केळीतून. जा.