हरिबा मिस्त्रींचं सहा किलोचं बॉनेट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या टाकी उत्पादक सहकारी संस्थेचे चेअरमन माननीय अर्जुनराव, व्यासपीठावरील संचालक मंडळ, सत्कारमूर्ती हरिबा मिस्त्री, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या सौभाग्यवती केशरबाई, आणि एक डोळा माझ्याकडे व दुसरा पंगतीकडे ठेवून बसलेले धारूरकर बंधुभगिनी,

मी साधा वार्ताहर. मला बोलायला उभं करणं ही संचालक मंडळाची चूक आहे. इतिवृत्तात तशी नोंद व्हावी.

दुष्काळात या संस्थेनं फायबरच्या पाण्याच्या टाक्या दारोदार पोचवल्या. पुढच्या वर्षी पाऊस उत्तम झाला आणि संस्थेवर संकट कोसळलं. भरल्या विहिरीवर टाकी कोण घेणार? वर्कशॉपातल्या चौदा जणांनी दसऱ्यानंतर बायकापोरांसह ऊस तोडायला जायचं, असं मुकादमाशी बोलणंही झालं.

तेवढ्यात पुण्याहून मोहनराव आले. जुन्या स्पोर्ट्स गाड्या नव्यानं उभ्या करणं हा त्यांचा उद्योग. एक लोखंडी बॉनेट आणि कार्बन फायबरच्या काळ्या कापडाची गुंडाळी ठेवून म्हणाले, "हुबेहूब असंच, पण हलकं. नमुना पसंत पडला, तर तीस गाड्यांचं काम तुमचं."

हरिबांनी साचा काढला, काळं कापड अंथरलं, रेझिन चोपडलं. लोखंडी बॉनेट अठरा किलोचं. हरिबांचं भरलं सहा.

आता आपण पडलो उसाच्या मुलखातली माणसं. काट्यावर जे जड, ते खरं. अष्टसिद्धींत जड होण्याच्या गरिमेबरोबर हलकं होण्याची लघिमाही आहे, पण तिची मोळी आपल्याकडे कुणी बांधली नाही. चेअरमनसाहेबांनी ते बॉनेट एका हातानं उचललं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हरिबा, हे बॉनेट हाय का पापड?"

"सायब, त्येनी हलकंच मागितलंय."

"मागणारा माणूस भिडेपोटी कमी सांगतो रे. आपण भरून द्यायचं. दुसरं कर, अन् मार अजून सहा थर!"

दुसरं बॉनेट चोवीस किलोचं झालं. मोहनराव आले त्या दिवशी चौघांनी ते हार घालून बाहेर आणलं.

मोहनरावांनी उचलून पाहिलं. "अहो, हे मूळच्या लोखंडापेक्षा जड आहे!"

"लई मजबूत हाय," चेअरमनसाहेब प्रसन्नपणे म्हणाले.

पाहुणे गाडीकडे वळले. चौदा माणसं खाली मान घालून उभी. हरिबा वर्कशॉपमागच्या आपल्या घराकडे गेले आणि पहिलं बॉनेट डोक्यावर घेऊन आले. मागून केशरबाई धावत, "अवं, माझ्या कुरडया तरी काढू द्या की!"

मोहनरावांनी ते कुरडयांसकट दोन बोटांवर तोललं. "हेच तर हवं होतं! मग आधी का नाही दाखवलं?"

सगळे चेअरमनसाहेबांकडे पाहू लागले. हरिबा मात्र पाहुण्यांकडे पाहत म्हणाले, "वाळाया ठिवलं हुतं. चेअरमनसायबाचाच हुकूम हुता."

दसऱ्यानंतर मुकादमाचा ट्रक वर्कशॉपसमोर तासभर थांबला. त्यात कुणीही चढलं नाही.

बातमीत मी हा सर्व प्रसंग 'चेअरमनांची दूरदृष्टी' या मथळ्याखाली छापला. आज हरिबा निवृत्त होत आहेत, म्हणून दुरुस्ती करतो.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात कुणाचं उणंदुणं काढलं गेलं असेल तर क्षमा असावी. चेअरमनसाहेबांचं काढलं गेलं असेल, तर हरिबा, आज शेवटचं सांभाळून घ्या.