बाळाबाईंच्या बासष्ट बाटल्या

सभेचे अध्यक्ष माननीय आनंदराव शिळीमकर, व्यासपीठावरचे दरबारचे अधिकारी, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका चंद्राबाई, भोरमधले बंधुभगिनी, आणि पहाटे निघून हिर्डोशी खोऱ्यातून पायी आलेल्या माझ्या सगळ्या बायांनो,

अध्यक्षांनी मला पंधरा मिनिटे दिली आहेत. मी ती ओलांडणार नाही. आधीच्या दोन वक्त्यांबद्दल मला काही म्हणायचे नाही.

आजची सभा बाळाबाईंना निरोप देण्यासाठी आहे. खोऱ्यात चाळीस वर्षे सुईणपण केल्यावर आणि माझ्या फिरत्या दवाखान्यात पाच वर्षे काम केल्यावर त्या आता भाटघरला लेकीकडे राहायला चालल्या आहेत. गुडघ्यांनी संप केला आहे. बाळाबाई, खुर्चीच्या कडेवर काय बसलात? मागे टेका. ती मोडणार नाही.

पुण्याहून काही पाहुणे आले आहेत, त्यांच्यासाठी माझ्याविषयी दोन वाक्ये. मी १९०८ साली मुंबईच्या कॉलेजातून डॉक्टर होऊन बाहेर पडले. गेली बावीस वर्षे भोरमध्ये बायकामुलांचा दवाखाना चालवते. माझा स्वभाव कडक आहे असे लोक म्हणतात. लोक खरे बोलतात.

आता मुद्द्याचे. १९३६ सालच्या पावसाळ्यात हिर्डोशीच्या बाजूच्या सात वाड्यांत दोन वर्षांखालची सतरा मुले हगवणीने गेली. दर वर्षी जात. आईबाप म्हणत, दात येताना होतेच. कुणी म्हणे दृष्ट लागली, कुणी म्हणे आईचे दूध बाधले. मला ते पटत नव्हते, पण न पटणे म्हणजे काही शोध नव्हे. म्हणून मी संस्थानच्या दरबारकडे अर्ज केला. या मुलांच्या शौचाचे नमुने गोळा करावेत, पुण्याच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत आणि रोग कुठून येतो ते शोधावे. दरबारने मंजुरी दिली, पण दिवाळीपर्यंतच. तोवर काही निघाले तर हिर्डोशीचा फिरता दवाखाना चालू राहील, नाहीतर बंद. तो बंद झाला असता तर त्या मुलांना सर्वांत जवळचा डॉक्टर म्हणजे मी, इथे भोरमध्ये, घाटाच्या वाटेने एका दिवसाच्या चालीवर. आणि तापलेले, सुकलेले तान्हे मूल एक दिवस थांबत नाही.

गोळा करण्याचे काम बाळाबाईंकडे होते. त्यांना प्रत्येक घराचा उंबरा ठाऊक. मी बुचाच्या बासष्ट छोट्या बाटल्या दिल्या, प्रत्येकीवर मुलाच्या नावाची चिठ्ठी. बाळाबाई त्या भरून आणत, रखमाजी कंपौंडर चालत भोरला पोचवी, इथून त्या पुण्याला जात. महिनाभर हे काम घड्याळासारखे चालले. मी मनात म्हटले, पाहा, कडकपणाचा फायदा.

मग पुण्याहून पत्र आले. बासष्टही नमुने निर्दोष! वर तिथल्या गृहस्थांनी आपला शेरा लिहिला होता की, आपल्या खोऱ्यातील बालकांची पोटे या इलाख्यात सर्वांत निरोगी असावीत, अभिनंदन.

हसू नका. मला त्या दिवशी हसू आले नव्हते. यादीत अकरावे नाव गेनबाच्या मुलीचे होते. अकरा महिन्यांची पोर. तिची बाटली मंगळवारी निघाली आणि गुरुवारी ती गेली. तिच्या नावापुढे लिहिले होते, निरोगी.

दुसऱ्याच दिवशी मी हिर्डोशीला गेले. बाळाबाई पडवीत नाचणी पाखडत होत्या. मी पत्र त्यांच्यापुढे धरले. त्यांना वाचता येत नाही, पण माझा चेहरा त्यांना बरोबर वाचता येतो.

"बाळाबाई, गेलेल्या पोरीचं पोट निरोगी कसं?"

त्यांनी सूप खाली ठेवले. "ते तिचं नव्हतं, बाई."

"मग कुणाचं?"

"पारूबाईच्या भिमाचं."

पारूबाईंची भिमा तेव्हा दीड वर्षाची होती. सात वाड्यांत तिच्यासारखे गुटगुटीत मूल नव्हते. ती आज आईशेजारी तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि तिला यातले काही कळत नाही, ते बरेच आहे.

"आणि बाकीच्या बाटल्या?"

"चाळीसेक भिमाच्याच. बाकीच्या वरल्या आळीच्या दोन पोरांच्या. ती बी चांगली हाईत."

माझा आवाज किती चढला ते गेनबाच्या खळ्यापर्यंत ऐकू गेले, असे मला नंतर कळले. मी विचारले, "हे तुम्ही का केलंत?" बाळाबाई शांतपणे म्हणाल्या, "असं का इचारता, बाई? सरकारात द्याचं ते चांगलंच देत्यात. आमी वाड्यावर तांदूळ देतो तवा आंबेमोहोर देतो, कणी आपल्या घरात ऱ्हाती. तुमी पुण्याला धाडणार. पुण्याच्या सायबाला आमी पोराचं वंगाळ दाखवायचं व्हय? कुणाच्या घराला बरं दिसंल ते?"

मंडळी, आता तुम्हीच सांगा, दरबारात कुणी कधी सडका तांदूळ नेऊन दिला आहे काय? आनंदराव, आपण मान हलवू नका, आपल्याकडे आलेला तांदूळ मी खाल्लेला आहे. तो फारच चांगला असतो.

पण तेवढेच नव्हते. पुढे त्या हळू म्हणाल्या, "आन दुसरं. पिलेगाच्या साली अशेच सायब आले. इचारलं, कोन आजारी हाय? आमी खरं सांगितलं. दुसऱ्या दिशी सगळी वाडी रानात हाकलली, घरांची कौलं उतरवली. माझी आई त्या रानातच गेली. तवापास्नं हितं कुणी सायबाला खरं सांगत न्हाई."

मी त्यांच्याजवळ खाली बसले. सांगितले की, कुणाचे घर उठणार नाही, मी जबाबदार. बाळाबाई म्हणाल्या, "मग आदी तुमची बाटली द्या."

"माझी?"

"तुमची. तुमच्या नावाची चिठ्ठी लावून. तुमाला लाज न्हाई वाटली तर बायांना बी न्हाई वाटनार. मी घरोघर सांगीन."

सभेत काही भगिनींनी पदर तोंडाला लावला आहे. त्यांनी तो काढावा. माणसाच्या पोटात काय आहे हे बघणे लाजेचे नाही, न बघता पोरे पुरणे लाजेचे आहे. मी बाटली दिली. माझ्या नावाची चिठ्ठी लावून, रखमाजीच्या हाती. रखमाजीने ती कापडात गुंडाळून दोन हात लांब धरून नेली, हेही मला माहीत आहे.

आठ दिवसांनी निकाल आला. माझ्या पोटात रक्ती आवेचे जंतू!

मला स्वतःला काही होत नव्हते, एक-दोन दिवस पोट कुरकुरले होते इतकेच. पण बातमी माझ्याआधी वर हिर्डोशीला पोचली. मी पुढच्या फेरीला गेले तेव्हा विहिरीवर धोंडाबाई, ज्या आता बाळाबाईंची जागा घेणार आहेत, मला पाहून इतर बायांना म्हणाल्या, "अगं, डाक्टरीणबाईचंच बिघडलंय! मग आपल्या पोरांची काय कथा!" सगळ्या मनसोक्त हसल्या. त्या आठवड्यात बाटल्या कमी पडल्या. खऱ्या बाटल्या. मागच्या वेळी ज्या ज्या मुलाच्या नावाने खोटी बाटली भरली होती, त्या प्रत्येक घरी बाळाबाईंनी स्वतः जाऊन सांगितले, "बयो, माजं चुकलं, आता पोराचं जसं हाय तसं दे."

आणि त्यातच मला उत्तर मिळाले. मी हिर्डोशीला जाताना पाणी उकळून बाटलीत नेते, डबा घरचा नेते. तिथले काहीच पोटात घालत नाही. मग जंतू आले कुठून? मी आणि बाळाबाई बसून एकेक गोष्ट आठवू लागलो. अखेर त्या म्हणाल्या, "बाई, ताक." खरेच. प्रत्येक घरी मला ताक देत, आणि ते नाकारणे मला जमले नव्हते. ताकात पाणी असते, आणि पाणी ओढ्यावरच्या पाणवठ्याचे. पाणवठ्यापाशी सावलीचे जांभूळ आहे म्हणून बाया तान्ह्यांची दुपटी तिथेच, वरच्या अंगाला धुवायच्या. आजारी पोरांची तर आधी.

नव्याने भरलेल्या बासष्ट खऱ्या बाटल्यांपैकी एक्केचाळीस बाटल्यांत तेच जंतू निघाले. अहवाल दिवाळीच्या पाच दिवस आधी दरबारात गेला. दवाखाना राहिला.

पण अहवालाने दुपटी खाली जात नाहीत. पुढचा आषाढ-श्रावण बाळाबाई डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन, हातात काठी धरून, त्या ओढ्यावर उभ्या राहिल्या. पिण्याचे पाणी वर, धुणे खाली. पाटलांची बायको वर धुवायला लागली तेव्हा पाटील म्हणाले, "बाळे, तू कोन मला सांगनारी?" बाळाबाई म्हणाल्या, "तुमाला ह्या जगात आननारी मी. तवा जसं मुकाट्यानं आयकलंत, तसं आता बी आयका." पाटील आज सभेला आले आहेत. त्यांनी ऐकले, याबद्दल त्यांचे आभार.

दुसरी गोष्ट याहून अवघड होती. मुलाला जुलाब लागले की पाणी तोडायचे, ही खोऱ्याची रीत. पाणी दिले की जुलाब वाढतो असा समज. बाळाबाईंनी स्वतः चाळीस वर्षे हेच सांगितले होते. मी म्हटले, उकळलेले पाणी आणि चिमूटभर मिठाची तांदळाची पातळ पेज, चमच्याचमच्याने, दिवसभर. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी हरिबाच्या घरी सुकलेल्या पोराला मांडीवर घेऊन त्यांनी स्वतः सकाळपासून दिवे लागेपर्यंत पेज पाजली, आणि पोर जगले. त्यांनी मला नंतर एवढेच विचारले, "बाई, माज्या हातनं किती गेली असतील?" मी त्याचे उत्तर दिले नाही. आजही देणार नाही. त्यांना जे कुणी सांगितले नव्हते, त्याचा दोष त्यांचा नाही.

गेल्या पावसाळ्यात त्या सात वाड्यांत हगवणीने दोन मुले गेली. सतराच्या जागी दोन. टाळ्या नकोत. दोन म्हणजे शून्य नव्हे. धोंडाबाई, ऐकताय ना?

माझी वेळ संपत आली. या कामावरचा माझा लेख मुंबईच्या एका वैद्यकीय मासिकात छापून आला आणि त्याबद्दल मला पुष्कळ पत्रे आली. त्या लेखात माझे नाव आहे, माझ्या पदव्या आहेत. बाळाबाईंविषयी फक्त असे आहे: "नमुने एका स्थानिक सुईणीकडून गोळा केले." भाषणाच्या शेवटी वक्त्याने सभेची क्षमा मागायची पद्धत आहे. सभेने मला क्षमा करण्यासारखे मी आज काही केलेले नाही, वेळही पाळली आहे. क्षमा मागायची आहे ती बाळाबाईंची. संपादकांना मी काल पत्र टाकले आहे. पुढच्या अंकात दुरुस्ती येईल, त्यात त्यांचे पूर्ण नाव, गाव आणि हे लिहिलेले असेल की पाणवठ्याचे कारण त्यांनी शोधले.

काय म्हणता, बाळाबाई? मोठ्याने बोला.

सभेला ऐकू गेले नसेल तर मी सांगते. त्या म्हणतात, "ते छापा न्हाईतर ऱ्हाऊ द्या, पर आदीच्या चाळीसेक बाटल्या भिमाच्या व्हत्या, हे नगा लिहू बाई, पारूबाई डोक्यावर बसंल."

बाळाबाई, ते कालच्या पत्रात लिहून झाले आहे.

अध्यक्षांचे, दरबारचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार मानते आणि खाली बसते.