पट्टीखालचं पिस्तूल

पिक्चरचं परीक्षण लिहाय अक्कल लागती असं वाटतंय व्हय तुम्हाला? न्हाय. शेजारी दत्तूअण्णा लागतोय. दहा-बारा वर्षांमागं आमच्या गल्लीचं केबल त्याचंच. एका जुन्या गँगवाल्या पिक्चरचे तिन्ही भाग दर दिवाळीला लावायचा, म्हणून जाणकार!

परवा साप्ताहिकानं त्याच तीन भागांचा, धुऊन-पुसून चकाचक केलेला डीव्हीडी संच मला परीक्षणाला दिला. म्हटलं, जाणकाराला बोलवावं. दुसऱ्या भागात जेवताना समोर बसलेल्यानं कमरेजवळनं पिस्तूल झाडलं आणि डॉनचा भाऊ ताटावरच कोसळला.

अण्णा ताडकन उठला. "ह्यो हार्टॲटॅकनं मेल्ता की! पिस्तूल ह्या डीव्हीडीवाल्यांनी नवीन घातलंय!"

"आणि गोळीचा आवाज, अण्णा?"

"दिवाळीत कोण ऐकतंय? फटाका समजलो."

मग माझी ट्यूब पेटली. "अण्णा, पडद्याच्या खाली तुमच्या मेव्हण्याच्या खानावळीच्या जाहिरातीची पट्टी फिरायची. पिस्तूल त्या पट्टीमागं झाकलं जायचं!"

अण्णा परत खाली बसला. मग म्हणाला, "तर मग तसं लिही की. आमची कॉपी घरच्यांसंगं बसून बघण्यासारखी होती. खून न्हवता तिच्यात."