कोणता परवा?

माझं नाव सलीम, भोकरदनच्या अलीकडं आमचं गाव, बाप गावचं पाणी सोडायचा, त्याच्यामागं मी, म्हंजे शाळा सातवीपस्तोर अन् बाकी अक्कल सारी पाइपाच्या व्हॉलच्या खड्ड्यातली.

उन्हाळ्यात एकेका भागाला आठव्या दिवशी पाणी येतं, ती पाळी सारी माझ्या डोक्यात, पण बायांचे फोन काय थांबायचे न्हाई, सलीमभाऊ पाणी कधी, जेवायला बसलो की फोन, नमाजाला उभा राह्यलो की फोन. मंग आमची नाजिया, पोरगी माझी, जालन्याला कॉलेजात है, ती म्हणली अब्बू, आता एआयला नुसतं बोलून सांगितलं तरी ते प्रोग्राम लिहून देतं, तुम्हीच करून बघा. मला वाटलं मस्करी करून राह्यली.

पण बसलो बुवा. मोबाईलला मराठीत सांगितलं, त्यानं खरंच प्रोग्राम लिहून दिला, पाळी लावून बायांना आधीच मेसेज धाडणारा, चुकलं की मी बोलायचो अन् ते म्हणायचं, बिलकुल बराबर, दुरुस्त करतो. काय सांगू तुम्हाला, तिथंच माझ्या मनात शंका आल्ती. पाळी उलटी लाव म्हणलं तरी बराबर, सुलटी लाव म्हणलं तरी बराबर! अहो, गावातला गवंडी सुद्धा दोनदा भांडल्याशिवाय भिंत हलवत न्हाई. पण फोन बंद झाले ना, मंग मी बी सुस्तावलो, डोक्यातली पाळी इसरून मोबाईल दाखवील तो व्हॉल फिरवायला लागलो.

अन् भीमनगर कोरडं पडलं. चार दिवस जास्तीचे, भर उन्हाळ्यात. गयाबाई म्हणून म्हातारी है तिथं, मला लहानपणापासून पाहिलेली, ती रिकामा हंडा घेऊन व्हॉलपाशी आली अन् म्हणली, सलीम, आमच्या आज्याला गावानं पाणी वरून वाढलं, पण तुझ्या बापानं आमची पाळी कधी चुकवली न्हाई, तू आता मोबाईल पुढं करून आमचं पाणी तोडून राह्यला का? मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिले व्हॉल खोलला, मंग घरी येऊन मोबाईलला धरलं, बोल म्हणलं, कुठं चुकलं? तर चूक माझीच. शेवटचं पाणी कधी दिलं ते सांगताना मी नुसतं बोलल्तो, भीमनगर, परवा. मी म्हणलो गेलेला परवा, त्यानं धरला येणारा, मधी चार दिवस! आता आमच्या घरात उर्दू, तिथं तर कल बी दोन्हीकडचा, पण आमची बायको विचारती ना, कोणता म्हणून. ह्यानं विचारलं न्हाई. माझा राग तेवढाच है त्याच्यावर, अजून है.

गयाबाईच्या दारात जाऊन सांगितलं, चूक माझी. ती हसली न्हाई, चिडली बी न्हाई.

आता प्रोग्राममधी मी दोन गोष्टी घातल्या, माझ्या डोक्यानं. परवा म्हणलं की तो विचारतो, कोणता परवा? अन् भीमनगरची पाळी झाली हे मी लिहायचं न्हाई, गयाबाईनं माझ्या मोबाईलवरचं बटण दाबायचं. मी व्हॉल खोलतो, नळाला पाणी येतं, म्हणतो मावशी दाबा आता. ती म्हणती, थांब. हंडा भरती, दुसरा भरती, रांजण भरती, मंग हात पुसून दाबती. मी बी थांबतो. थांबायलाच पाहिजे मला.