खुशाल निवासचा फोन नंबर कुठी हाय?

...अन् वरून हा ललित मलेच म्हन्ते, "भाऊजी, तुमाले डिझाइन समजत नाई!" आता तुमीच सांगा बाप्पा, चिखलदऱ्याले माया बापानं लॉज बांधला, खुशाल निवास, त्यावर नाव मायं, विहीर मायी, गाद्या माया, अन् मले समजत नाई! हा ललित म्हंजे माया साळा. सीमेचा धाकटा भाऊ. अमरावतीले कॉम्प्युटरचं दुकान टाकलं त्यानं तवापासून आमच्या लॉजची वेबसाइट तोच बनवते, तोच मोडते, अन् तोच पुन्हा बनवते. दुसरा कोनी असता तं कवाचा हाकलला असता, पन साळ्याले हाकलून बायकोच्या हातचं जेवता येते काय कोनाले?

पह्यली वेबसाइट बनवली तवा मी खुश झालो होतो, खोटं काहून बोलू? काळं कुट्ट पान, त्यावर लाल अक्षरं लुकलुक लुकलुक, कोपऱ्यात पृथ्वी गरगर फिरून राहिली, खाली 'आपण अमुकावे पाहुणे' असा आकडा, अन् उघडल्याबरोबर धबधब्याचा असा आवाज, की आमच्या बाजूचा ओमप्रकाश पळत आला, म्हने, "नळ फुटला का तुमचा?" सगळं झ्याक! पन फोन नंबर कुठी हाय? तं तो होता खालच्या पट्टीत, पळून राहिला! उजवीकून निघे, डावीकडे जाये, गायब! अकोल्याच्या जठारपेठेतलं एक गिऱ्हाईक मले भेटलं तं सांगे, "खुशालराव, आदी चार आकडे लिहून घेतले, मंग पट्टी पुन्हा येईलोक चहा पेलो, मंग बाकीचे लिहिले." अन् लागला कुठी? तं परतवाड्याच्या पिठाच्या गिरणीले!

मी म्हनलं, "ललित, नंबर उभा कर रे बाप्पा एका जागी." तं यानं सगळी वेबसाइटच पाडली. म्हने, "भाऊजी, आता जमाना सिनेमाचा हाय." उघडली का पह्यले एक पान झाडावरून पडे. हळूऽऽहळू. मंग सनई. मंग पडदा उघडे, ढग येत, ढगातून 'खु' निघे, मंग 'शा', मंग 'ल'... अरे, तितक्यात मानूस घाट चढून वर येऊन जाते! अन् फोन नंबर? शेवटी. सगळ्यात शेवटी. तिथलोक पोचलेलं गिऱ्हाईक मी अजून पाह्यलं नाई.

मंग पुन्हा पाडली. आता लाकडाची फॅशन आली म्हने. पान लाकडाचं, बटनं अशी चकचकीत जसं लाडवाले तूप लावलं, सगळ्याले सावल्या. नंबर लाकडी पाटीवर कोरलेला, फोटोतल्या पाटीवर, ते पाटी फोटोत बारीक, लोकं भिंग लावून पाहात. मंग मोबाइल आले, पुन्हा पाडली! नंबर गेला कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेघांच्या मागं. मले काय ठाव? मले वाटलं, माया साळा शंकराचा भक्त झाला, गंध लावलं त्यानं कोपऱ्यात. म्या तं नमस्कारही केला होता.

अन् आत्ता? आत्ता तं हद्द! आता म्हने सगळं मोकळं पायजे. पांढरं पान, त्यावर चिखलदऱ्याच्या धुक्याचा फोटो, त्यावर पांढरी अक्षरं! म्या म्हनलं, "ललित, इथी काईच दिसून नाई राहिलं." तं म्हन्ते, "हेच तं डिझाइन हाय भाऊजी!" अन् फोन नंबर कुठी हाय? "फोन आता कोनी करत नाई. खाली गोल दिसते ना, त्याले दाबा, यंत्र सोताच बोलते, चोवीस तास." आता हसू नका, खरी गोठ इथून सुरू होते.

मायी पोरगी अपेक्षा, अमरावतीले फिजिओथेरपिस्ट हाय. तिच्यासाठी सोयरिकी जमवनाऱ्या इंदूबाईनं स्थळ आनलं. नांदगाव खंडेश्वरचे देवराव, त्यायचा पोरगा श्याम, शेतीचा अधिकारी. फोटो आला तं अपेक्षा म्हने, "मले काय, तुमी पाहा." अन् तो फोटो सोताच्या मोबाइलवर घेऊन बसली, पाहे अन् ठेवे, पाहे अन् ठेवे. मी बाप हाव, मले दिसत नाई का? इंदूबाई म्हने, "ते लोकं कळवतीन कवा येतात ते." आमी वाट पाहून राहिलो. फोन नाई. सीमेनं पोह्याचे डबे भरून ठेवले, फोन नाई. सीमा म्हने, "गेलं स्थळ. तुमचंच काई चुकलं असन." अपेक्षा बरोबर जेवली बी नाई. आता सांगा, बापाचं काळीज कसं होते?

अन् रविवारी दुपारी लॉजवरून शफीकचा फोन. शफीक आमचा मॅनेजर, घाबरून गेला होता. "सेठ, नांदगाव से सात जनं आये, सबके हात में आधार कार्ड. खोल्या तं देल्ल्या, पन बुढेबाबा पूछ रहे, लडकी किधर है! सेठ, अपना शरीफ लॉज है. पुलिस को बुलाऊं क्या?"

"अरे बाप्पा, सोयरे हायत ते! चहा पाज!"

अमरावतीच्या घरून गाडी काढली, सीमा, अपेक्षा, अन् हा ललित, परतवाडा गेलं, घाट लागला, धुकं असं की आपलाच हात दिसे ना, अगदी वेबसाइटसारखं! सीमा मागं देवाचं नाव घेऊन राहिली, अपेक्षा खिडकीकडे तोंड करून बसलेली. पोचलो तं देवराव आमच्याच लॉजचं ब्लँकेट पांघरून बसलेले, बाजूले जमुनाबाई, अन् तोंड असं जसं कारलं चावलं. म्या हात जोडले. ते म्हने, "खुशालराव, तुमचा फोन नंबर कुठी हाय हो? इंदूबाईनं नुसतं लॉजचं नाव देल्लं, मंग वेबसाइट अख्खी पालथी घातली. मंग त्या गोलात लिहिलं. अन् तुमी असे उत्तरं देल्ले?"

अन् मोबाइल मायासमोर धरला. देवरावनं लिहिलं होतं, 'मुलगी पाहाले कवा येऊ?' यंत्र म्हन्ते, 'चेक-इन दुपारी बारा वाजता. ओळखपत्र आवश्यक.' देवराव पुसते, 'मुलीचा स्वभाव कसा हाय?' 'शांत व निसर्गरम्य.' 'सैपाक येते काय?' 'स्वयंपाकाची सोय नाही. बाहेरचे अन्न आणण्यास मनाई आहे.' 'उंची किती?' 'समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर!' 'अन् पोरगा पसंत नाई पडला तं?' 'रद्द केल्यास शुल्क लागू होईल.'

तुमाले सांगतो, मायी मान खाली. सीमेच्या डोळ्यात पानी. अन् हा ललित पुढं होऊन म्हन्ते काय, "पाहा भाऊजी, किती लवकर उत्तर देल्लं!" मले वाटलं, याले आत्ताच भीमकुंडाची दरी दाखवावी, वरून!

तितक्यात अपेक्षानं तो मोबाइल घेतला, वाचला, अन् जे हसत सुटली, जे हसत सुटली! म्हने, "काका, मायी उंची पाच फूट दोन इंच हाय. सैपाक येते, पन रोज करनार नाई." कोपऱ्यातून श्याम हळूच म्हन्ते, "बरं झालं, मी शिडी आननार होतो." तं जमुनाबाईच पह्यल्या हसल्या, पदर तोंडाले लावून. मंग देवराव. मंग शफीक, त्याले काई समजलं नाई तरी. पोरगा-पोरगी बाहेर धुक्यात बोलत उभे राह्यले. आमाले दिसत नोते, नुसतं हसनं ऐकू येत होतं. परत आल्यावर अपेक्षा मले म्हने, "बाबा, मले चालते." सकाळपासून पह्यल्यांदा पोरीनं चहा मागतला. मले कसंसंच झालं हो... म्या धुकं गेलं डोळ्यात म्हनून सांगतलं.

तं लग्न जमलं. हा ललित म्हने, "भाऊजी, मामाकून भेट, लग्नाची वेबसाइट!" कोनाले न इचारता बनवलीही. अख्ख्या नांदगावनं पाह्यली, देवराव तं रोज पाह्यते. काल म्या म्हनलं, आपनही पाहावं, आपल्या पोरीचा मुहूर्त किती वाजता हाय. उघडली, तं म्हन्ते, 'आपण यंत्र नाही हे सिद्ध करा. ज्या चित्रांत सिग्नल आहे ती निवडा.' निवडली. 'पुन्हा प्रयत्न करा.' निवडली. 'पुन्हा प्रयत्न करा.' आता पोरीचा बाप हाव मी, हळद तोंडावर आली, सारे मांडवाच्या कामाले लागले, अन् मी कालपासून बसलो हाव... सिग्नल पाहून राहिलो!