ड्रोन नव्हताच!

ड्रोनचं म्हणाल, तर आमच्या विमाननगरच्या देवधरकाकांना विचारा. दिवाळीत त्यांचा मुलगा दिल्लीहून यायचा होता. पुण्यात विमानतळाजवळ ड्रोन दिसला म्हणून त्याचं विमान तिकडेच अडकलं.

काका तडकले. "ड्रोन कसला? लोकांना साधी घार ओळखता येत नाही!"

तेवढ्यात हवालदार दारात. "काका, तुमच्या गच्चीवर उंच काठीला काय लुकलुकतंय?"

"आकाशकंदील. मुलगा येतोय ना, लांबून दिसावा म्हणून मीच लावलाय."

"लांबून दिसला. तक्रार त्याचीच आहे. उतरवा तो."

काकांनी कंदील उतरवला आणि थेट मुलाला फोन लावला. "अरे, मी म्हणत नव्हतो? ड्रोन नव्हताच!"

"मग काय होतं, बाबा?"

"ते सोड. तू निघ आता, तुझी वाट मीच मोकळी केलीय."