ओरेस्तेचा शेवटचा बचाव

बरोबर खेळलो म्हणे! अहो, दोन गोलकीपर बरोबर कसे खेळतील? एक खांब इकडे, एक खांब तिकडे, मध्ये एक माणूस, संपलं... दुसऱ्याला उभं राहायला जागा आहे का तिथे? पण लोकांना कोण सांगणार. कुठेही जा, ओळख करून देणारा म्हणतो, 'हे एल्व्हिओ ताम्बुरीनी, हे ओरेस्ते मारांगोनीबरोबर खेळलेत,' की समोरचा माणूस माझा हात दोन्ही हातांत धरतो आणि गहिवरून विचारतो, 'कसा होता हो ओरेस्ते?' मी कसा होतो हे आजवर एका माणसाने विचारलेलं नाही. विचारायलाच पाहिजे असंही नाही म्हणा. तुम्हाला सांगतो, तो खेळला. आणि मी? मी बसलेलो.

तुम्ही बाहेरगावचे, उद्या आपल्या वाटेने जाल, म्हणून बोलतोय. या गावात बोलायची सोय नाही. घ्या ना, वाइन घ्या, लाजताय काय...

तर आम्ही दोघं क्लबात एकाच दिवशी आलो, एकाच बसने. त्याचा बाप नदीवर होडी चालवायचा, माझा बाप इथेच चौकात न्हावी. ओरेस्तेचे हात बघितलेत तुम्ही? फोटोत बघितले असतील. पोलेंता, म्हणजे मक्याचं घट्ट पिठलं, ते ढवळायच्या पळ्यांसारखे. चेंडू अडवायचा नाही हो तो, चेंडूच बिचारा येऊन त्याच्या हातात बसायचा. देशाकडून खेळला, मासिकाच्या कव्हरवर आला, पेपरवाले त्याला 'कुलूप' म्हणायला लागले. मिनरल वॉटरच्या जाहिरातीत 'माझ्या हातांची ताकद या पाण्यात आहे' असं बोलायचा, आणि मी शपथेवर सांगतो, त्या माणसाने दात घासण्यापलीकडे पाण्याला तोंड लावलेलं नाही. सरावात मी त्याच्यापेक्षा वाईट होतो का? नव्हतो. उड्या माझ्याच लांब जायच्या. पण सरावाला तिकीट काढून कोण येतं?

आता मी बसलो कसा ते ऐका. पहिल्याच मोसमात आम्ही एकामागून एक मॅचेस हरत होतो. त्यातल्या एका रविवारी मला सर्दी. आईने तिचा तपकिरी लोकरी मफलर गळ्यात बांधून दिला, तोंडात ज्येष्ठमधाची गोळी, मी मैदानाकडेच्या राखीव खेळाडूंच्या बाकावर डाव्या टोकाला पायावर पाय टाकून शिंकत बसलो... आणि ओरेस्तेने पेनल्टी अडवली! जिंकलो! आता शहाणा माणूस काय म्हणेल? ओरेस्ते चांगला खेळला. पण आमच्याकडे असलं सरळ कुणी बोलत नाही. पुढच्या रविवारी ओरेस्ते माझ्याजवळ आला, अगदी प्रेमाने, 'एल्व्हिओ, राजा, मफलर कुठाय?' म्हटलं, 'सर्दी गेली.' तर म्हणतो, 'सर्दी गेली तरी मफलर राहू दे. आणि डाव्या टोकालाच बस हं. पाय कसा टाकला होतास? उजवा वर? उजवाच टाक.' टाकला. परत जिंकलो. आणि तिथे माझं जे व्हायचं ते झालं.

अहो, मे महिन्यात मफलर! लोक अर्ध्या बाह्यांत, आइस्क्रीम खातायत, आणि मी गळ्याला लोकर गुंडाळून... मफलर धुवायचा नाही बरं का, धुतला तर नशीब पाण्याबरोबर जाईल. शेजारचा राखीव खेळाडू हळूहळू माझ्यापासून सरकत सरकत बाकाच्या दुसऱ्या टोकाला गेला, आणि मग तीही त्याची ठरलेली जागा झाली.

एकदा पायाला पेटका आला. माणसाचा पाय आहे, येतो पेटका. मी डावा वर घेतला, आणि त्याच मिनिटाला ओरेस्तेने बदक केलं. बदक म्हणजे गोलकीपरची घोडचूक, आमच्याकडे तिला हेच नाव. पोराटोरांनी अडवावा असा चेंडू त्याच्या दोन पायांमधून आत गेला. चाळीस हजार माणसांपैकी ओरेस्तेकडे बघितलं कुणी? सगळ्यांनी माना वळवल्या त्या बाकाकडे! संध्याकाळी घरी गेलो. बाबा जेवायला बसलेले. माझे बाबा, आर्तेमिओ ताम्बुरीनी, त्यांच्यापुढे क्लबबद्दल वाकडा शब्द काढला तर गिऱ्हाइकाला अर्ध्या दाढीवर बाहेर काढणारा माणूस. सूप भुरकताना वर न बघता म्हणाले, 'पाय हलवलास?' मी म्हटलं, 'बाबा, पेटका आला होता.' ते म्हणाले, 'ओरेस्तेला येतो का पेटका?' आई मध्ये पडली, 'अहो, पोराला जेवू तरी द्या.' बाबा म्हणाले, 'जेवू दे. पण जेवताना तरी नीट बस म्हणावं.'

आता या माणसाला, सांगा तुम्ही, आपला मुलगा एकदा गोलमध्ये उभा असलेला बघावासा वाटू नये? मला दुसरं काही नको होतं. जाहिरात नको, देशाचा संघ नको. एकदा, अर्धा तास, पाव तास, बाबा स्टँडमध्ये आहेत आणि मी गोलमध्ये आहे, एवढंच. लहानपणी दुकानामागच्या गल्लीत मी उड्या मारायचो तेव्हा हातातली कात्री तशीच धरून बाहेर येऊन बघायचे ते. मॅचच्या दिवशी सकाळी ते ओरेस्तेला गाठून म्हणायचे, 'जा, लांडग्याच्या तोंडात जा,' आणि तो म्हणायचा, 'मरो तो लांडगा.' आमच्याकडे शुभेच्छा अशाच देतात, सरळ दिल्या तर बाधतात. मला कधी नाही म्हणाले. बसणाऱ्याला लांडगा कशाला खाईल? पण वाईट वाटायचं हो. अजून वाटतं.

आणि संधी आली नाही असं नाही! आली! मोसमाच्या ऐन मध्यावर, मॅचच्या आदल्या दिवशी आम्ही सगळे हॉटेलात, आणि ओरेस्तेला सणसणीत ताप. मिस्टर, म्हणजे आमचे कोच बोन्फान्ते, सगळेच कोचला मिस्टर म्हणतात, ते आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, 'ताम्बुरीनी, उद्या तू.' आईला फोन केला, ती रडली. बाबा फोनवर आले, 'ओरेस्तेला ताप किती?' एवढंच विचारलं. आणि इकडे काय झालं, ओरेस्तेला बातमी कळली. तसाच उठला, अंगावर ब्लँकेट, दाढी वाढलेली, दात वाजतायत, लटपटत मिस्टरांच्या खोलीत. मला वाटलं, हा म्हणणार मीच खेळतो. नाही! तो म्हणाला, 'मिस्टर, हा खेळला तर बसणार कोण?'

मी म्हटलं, 'कुणीही बसेल, बाक आहे तो.' तर दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी चर्चमध्ये शिवी दिली. मिस्टरांनी खिशातली किल्ली चाचपली, लोखंडाला हात लावला की अपशकुन टळतो म्हणून... नसलं तर पुरुषमंडळी आणखी कुठे हात लावतात ते पलीकडच्या टेबलावर बायका बसल्यात म्हणून सांगत नाही. दुसऱ्या दिवशी गोलमध्ये कोण उभा राहिला? तिसरा गोलकीपर! सासऱ्याच्या चीजच्या दुकानात बसून बसून ज्याच्या बेंबीचा आकार जर्सीतून दिसत होता, तो! एकही गोल झाला नाही. चेंडू त्याला लागून परत जायचे. आणि मी? मी बसलेलो. मफलर, गोळी, उजवा पाय वर. रात्री बाबांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, 'छान बसलास.' त्यांना मनापासून म्हणायचं होतं ते, हेच तर अवघड झालं.

अशी वर्षं गेली. दुसऱ्या क्लबांनी मला मागितलं नाही का? मागितलं. पण आमचे अध्यक्ष म्हणायचे, 'ओरेस्तेला विकीन, याला नाही.' लोकांना वाटायचं केवढा मान! नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं झालं होतं, गोलकीपरपेक्षा बाक जड.

शेवटी ओरेस्ते निवृत्त व्हायला निघाला. शेवटची मॅच घरच्या मैदानावर, जिंकलो तर विजेतेपद. एक-शून्यने पुढे होतो. शेवटचं मिनिट, समोरच्यांना कॉर्नर मिळालेला. आणि मिस्टर माझ्याकडे वळून म्हणाले, 'ऊठ.' मला वाटलं पाणी द्यायचंय. 'ऊठ, आत जा. ओरेस्तेला टाळ्या घेत बाहेर येऊ दे, तेवढाच वेळही जाईल.' वेळ काढायला हो! वेळ काढायला मला उठवलं! मी म्हटलं, 'आणि ओरेस्ते काय म्हणतोय?' तर ओरेस्तेने आधीच सांगून ठेवलं होतं, 'मी एकदा बाहेर आलो की मग तो उठला काय नि बसला काय, माझं काय जातंय?'

मी उभा राहिलो तर स्टँडमधून आवाज, 'बसवा रे त्याला!' मी बाबांना शोधलं. डावीकडच्या स्टँडमध्ये, नेहमीच्या जागी होते. मला उठलेलं बघितलं, आणि तो माणूस... तो माणूस मैदानाकडे पाठ करून उभा राहिला. दोन्ही हातांनी मागचा लोखंडी कठडा धरून. त्यांना बघवेना. माझ्यासाठी की विजेतेपदासाठी, ते त्या मादोन्ना मातेलाच ठाऊक.

ओरेस्ते आला, एकेक पाऊल टाकत, हुंदके देत. त्याने अंगातली एक नंबरची जर्सी काढली, माझ्या डोक्यातून घातली. मग त्याची ती प्रसिद्ध टोपी माझ्या डोक्यावर ठेवली, डोळ्यांपर्यंत आली ती, डोकं मोठं त्याचं. रेफ्रीने हरकत घ्यायची, तर रेफ्री डोळे पुसतोय. ओरेस्ते बाहेर पडला आणि गंजीफ्रॉकवर कडेकडेने हात हलवत निघाला. सगळं मैदान उभं, सगळे रडतायत, सगळ्यांच्या माना त्याच्याबरोबर फिरतायत. आमचे बचावपटूसुद्धा तिकडेच बघतायत! आणि समोरच्यांनी कॉर्नर मारला.

चेंडू आला, त्यांच्या उंच गड्याने डोकं लावलं, चेंडू चालला वरच्या कोपऱ्यात. मी उडालो. कसा उडालो विचारू नका, बाकावर साठलेली सगळी वर्षं पायांत आली असावीत. बोटाचं टोक लागलं, चेंडू बारवरून पलीकडे. मी जमिनीवर पडलो, वर बघितलं... अहो, कुणीसुद्धा बघत नव्हतं. एक म्हातारा फोटोवाला गोलमागे होता, गुडघे धरल्यामुळे त्याला वळता आलं नव्हतं, तेवढाच. शिट्टी वाजली. लोक मैदानात घुसले, माझ्या डोक्यावरची टोपी 'ओरेस्तेची टोपी, ओरेस्तेची टोपी' करत पळवली, जर्सी ओरबाडून नेली, आणि एका पोलिसाने मला दंडाला धरून विचारलं, 'तुम्ही आत कसे आलात?'

सोमवारी पेपरात पहिल्या पानावर फोटो. एक नंबरची जर्सी, डोळ्यांवर टोपी, हवेत आडवा माणूस. खाली काय छापलं असेल? 'ओरेस्तेचा शेवटचा बचाव.' आणि त्या दिवसापासून गावात प्रत्येकाने तो बचाव स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेला आहे. प्रत्येकाने! एक जण मला साभिनय करून दाखवतो, डावा हात वापरतो गाढव, उजवा होता. ओरेस्तेला मुलाखतीत विचारलं तर म्हणाला, 'त्या क्षणी मला काही कळलंच नाही.' हे मात्र खरं बोलला.

मी पेपर घेऊन दुकानात गेलो. बाबा एकटे होते. म्हटलं, 'बाबा, हा मी आहे.' त्यांनी चष्मा लावला, फोटो खिडकीशी नेला, टोपीखाली जेवढं दिसत होतं तेवढं बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खुर्चीत बसले, गिऱ्हाइकाच्या, आणि म्हणाले, 'नाक माझ्या आईचं आहे.' मग म्हणाले, 'पाठ फिरवली रे मी.' एवढंच. मी म्हटलं, 'मग आता सांगू या ना सगळ्यांना?' तर ताडकन उठले, 'वेडा झालास? ओरेस्ते गेलाय, पुढच्या मोसमात नवा गोलकीपर येतोय, गावाचा सगळा भरवसा तुझ्या बसण्यावर आहे. तू उठलास तरी जिंकलो, हे कळलं तर तुला ठेवतील का क्लबात?'

पोटाचा प्रश्न आहे. ठेवलं मला, आणखी चार मोसम बसलो.

तो फोटो बाबांनी मोठा करून घेतला, चौकट केली, आरशाच्या वर लावला. खालचं नाव तसंच ठेवलं. शनिवारी दुकान भरलेलं असतं, कुणीतरी साबण लावलेलं तोंड वर करून म्हणतंच, 'काय उडी मारलीय हो ओरेस्तेने!' बाबा वस्तरा थांबवतात, फोटोकडे बघतात, म्हणतात, 'अशी उडी पुन्हा होणे नाही.' आणि आरशातून हळूच मागे बघतात. मागे भिंतीला लागून बाक आहे. आणि मी? मी बसलेलो. दाढीला चार माणसं पुढे असतात, म्हणतो आज तरी नंबर लागतो का बघू.